रक्त हिरवं, मिशी गायब, आदेश गुप्त

पिंग_तीनशे (धागाकर्ता)
शनिवार, रात्री ११:२०

२८ जुलै २०२२. आमच्या स्क्वॉडमधल्या चौथ्या गड्याने त्याच दिवशी नवा फोन घेतला होता. रात्री जेवणं उरकून आम्ही तिघं गेमच्या लॉबीत बसलोय, हा काही येईना. फोन केला तर म्हणे, "अरे, प्ले स्टोअरवर गेमच नाहीये. नाव टाकलं की लुडो दाखवतंय." आधी त्याला वेड्यात काढलं, मग आपापल्या फोनवर बघितलं. खरंच नव्हता. ॲपलच्या दुकानातही नव्हता. आमच्या फोनमध्ये आधीपासून होता, तो मात्र मजेत चालू होता.

हा बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ ॲप एका फटक्यात बंद केली, त्यात पबजी मोबाइल गेला. गलवानची चकमक होऊन तीनेक महिने होत होते आणि पबजी मोबाइलमागे टेन्सेंट ही चिनी कंपनी होती. त्या वेळी निदान यादी जाहीर झाली, पत्रक निघालं, कारण दिलं गेलं: देशाचं सार्वभौमत्व, माहितीची चोरी. पटो न पटो, कागद होता. पुढे क्राफ्टन या कोरियन कंपनीने २ जुलै २०२१ ला तोच गेम नवं बारसं करून आणला. रक्ताचा रंग हिरवा केला, अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली. वर्षभर कोट्यवधी पोरं (आणि माझ्यासारखे पोटं सुटलेले) खेळली. आणि एका संध्याकाळी तो नाहीसा झाला. या वेळी ना यादी, ना पत्रक. गूगलने एवढंच सांगितलं की आदेश आला, म्हणून काढला. आदेशात काय लिहिलं होतं ते मी आजवर वाचलेलं नाही, कारण तो वाचायला मिळतच नाही. मे २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या चाचणीवर परत आला. गेला का ते कळलं नाही, तसं परत येण्याआधी नेमकं काय सुधारलं तेही नीट कळलं नाही.

बंदीचा राग मला कमी आणि या मुकेपणाचा जास्त येतो. इंटरनेटवरचं काही बंद करायचं तर लागू होणाऱ्या २००९ च्या ब्लॉकिंग नियमांतला सोळावा नियम सांगतो की तक्रार, मागणी आणि कारवाई, सगळ्याची काटेकोर गुप्तता पाळायची. म्हणजे गुन्हा सांगणार नाही, शिक्षा मात्र लगेच.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी धागा काढला. आपल्याकडे खेळांवरचे मोठे खटले वाचले तर ते बहुतेक *धंद्याच्या* हक्कावर लढले गेलेत. १९५७ चा मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला घ्या. विषय होता बक्षिसाची शब्दकोडी! सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हा जुगार आहे आणि जुगार हा व्यापारच नव्हे, तेव्हा व्यापाराच्या हक्काचं संरक्षण नाही. १९६८ मध्ये रमी कौशल्याचा खेळ ठरली. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यती. कौशल्य की नशीब, या एका दोरीवर सगळं लोंबकळत राहिलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या खेळांपुरती ती दोरीही कापली. त्याबद्दल माझी तक्रार नाही, माझ्या माहितीतली दोन घरं त्या नादात बसलीत. तक्रार अशी आहे की सरकारी कपाटात गेमसाठी दोनच खण आहेत. एकावर लिहिलंय 'जुगार', दुसऱ्यावर 'संशयित ॲप'. गोष्ट, चित्र, नाटक, सिनेमा यांच्या शेजारचा खण कुणी उघडलाच नाही. गेम ही अभिव्यक्ती आहे आणि तो काढला तर राज्यघटनेतल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याला, कलम १९(१)(अ) ला, हात लागतो, असं आपल्याकडे कुणी नेटाने मांडलेलं माझ्या वाचनात नाही.

सिनेमाचंही एकदा असंच झालं होतं. १९१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सिनेमे दाखवणं हा निव्वळ धंदा आहे, त्याला भाषणस्वातंत्र्य लागू नाही. ते मत बदलायला १९५२ उजाडलं. ३७ वर्षं! व्हिडिओ गेमच्या वाट्याला तो निकाल तिथे २०११ मध्ये आला.

आपण सध्या १९१५ मध्ये आहोत असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

---

गावकुसाबाहेरचा
शनिवार, रात्री ११:४१

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धाग्याचा काश्मीर होणार.

---

खडू_फळा
रविवार, सकाळी ७:१५

धागाकर्ते, लेख आवडला, पण मी दुसऱ्या बाजूचा. बार्शी भागात गेली एकवीस वर्षं शिकवतो. माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगा होता, गणितात पहिला. टाळेबंदीत घरच्यांनी अभ्यासासाठी फोन घेऊन दिला. शाळा पुन्हा भरली तेव्हा पोरगं पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपायचं. रात्री तीनपर्यंत खेळत असे. त्याची आई माझ्यापुढे रडली. "सर, सरकारने हे बंद का नाही करत?" म्हणाली. तिला मी कलम १९(१)(अ) सांगू?

२०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ११ वर्षांच्या एका मुलानेच आईमार्फत पबजीवर बंदी मागणारी जनहित याचिका केली होती. पोरांनाच नको असेल तर?

आणि एक प्रश्न मनापासून विचारतो, चिडून नाही. अभिव्यक्ती म्हणता ती नक्की कुणाची? त्या पोराची, की कोरियातल्या कंपनीची?

---

चिंचगुळाची_आमटी
रविवार, सकाळी ७:५०

सरांशी १००% सहमत. +१. शंभर माणसं विमानातून उड्या मारतात, एकमेकांना ठार करतात, उरलेल्याला कोंबडी मिळते. ही अभिव्यक्ती असेल तर माझा मिक्सर म्हणजे भीमसेन.

---

पिंग_तीनशे
रविवार, सकाळी ९:०५

@चिंचगुळाची_आमटी: मिक्सरवर हसलो. दंडवत.

@खडू_फळा: सर, तुमचा प्रश्न टाळत नाही. पण आधी एक सांगा. मार्च २०१९ मध्ये राजकोटच्या पोलिसांनी जमावबंदीचं १४४ कलम लावून पबजीवर बंदी घातली आणि काही दिवसांत दहा जणांना अटक केली. का, तर फोनवर खेळत होते. त्यात कॉलेजची पोरं होती. तुमच्या त्या नववीतल्या मुलाला पोलीस चौकीत बसवलं असतं तर त्याची आई कमी रडली असती का?

---

खडू_फळा
रविवार, सकाळी ९:३०

अटक मलाही पटत नाही. चौकीची पायरी चढलेलं पोर पुन्हा वर्गात मन लावत नाही, हे अनुभवाने सांगतो. पण त्याचा अर्थ सरकारने हात बांधून बसावं असाही नाही. दारूच्या दुकानावर वयाची पाटी असते ना?

---

काळा_कोट
रविवार, दुपारी १:१०

उच्च न्यायालयात वकिली करते, म्हणून थोडं कायद्याचं. रविवार आहे, लांबण लागेल.

सर, वयाची पाटी आणि बंदी हे दोन वेगळे प्राणी आहेत आणि आपल्याकडचा घोळ नेमका इथे आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखाली एखादी गोष्ट बंद करायची तर कारणं मोजकीच आहेत: सार्वभौमत्व आणि अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था आणि यांच्याशी निगडित दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी. नीट वाचा. यात व्यसन नाही, अभ्यासाचं नुकसान नाही, इतकंच काय, सभ्यता आणि नीतिमत्ताही नाही. तुमच्या विद्यार्थ्याच्या आईला जे हवंय त्यासाठी हे कलम बनलेलंच नाही. तिची काळजी खरी, पण औषध भलत्याच आजाराचं.

वयाची पाटी म्हणाल तर ती आहे, फक्त आपली नाही. प्ले स्टोअरवर गेमखाली ७+, १२+, १६+ दिसतं ना, ते आयएआरसी नावाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीतून येतं. गेम बनवणारा स्वतःच एक प्रश्नावली भरतो, रक्त आहे का, शिव्या आहेत का वगैरे, आणि आकडा निघतो. आपल्या कुठल्या मंडळाने तो गेम पाहिलेला नसतो.

गुप्ततेबद्दल. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्याचं ६६अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिलं म्हणून अटक करू देणारं कलम, रद्द केलं. तो इतिहास आपल्याच अंगणातला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना, मुंबई बंदबद्दलची एक फेसबुक पोस्ट आणि तिला दिलेलं लाइक एवढ्यावर अटक झाली, त्यातून ते प्रकरण पेटलं. पण त्याच निकालात ६९अ मात्र टिकलं. का टिकलं? कारण बंदीची कारणं लेखी नोंदवावी लागतात, म्हणजे कुणालाही घटनेच्या २२६ कलमाखाली उच्च न्यायालयात रिट करून ती तपासून घेता येतील, असं कोर्टाने धरलं. आता गंमत बघा. कारणं लिहिलेली आहेत म्हणून कायदा वैध, आणि सोळाव्या नियमामुळे ती कारणं कुणाला दाखवायची नाहीत. कुलूप आहे म्हणून घर सुरक्षित, आणि किल्ली मालकालाही द्यायची नाही.

'अभिव्यक्ती कुणाची' याचं उत्तर: दोघांची. बोलणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्याचाही हक्क असतो, हे आपल्या न्यायालयांनी पुन्हा पुन्हा मान्य केलंय. परदेशी कंपनीला १९(१)(अ) मागता येत नाही, तो हक्क नागरिकांचाच. पण खेळणारा नागरिक आहे. त्याने मागावा.

धागाकर्त्याला एक टोचणी: १९१५ ची तुलना छान, पण आपल्याकडे सिनेमाला अभिव्यक्ती मानूनही पूर्वपरीक्षण वैधच ठरलं. १९७० चा के. ए. अब्बास निकाल वाचा. सिनेमा माणसाला इतर कलांपेक्षा जास्त हलवतो, म्हणून त्याला वेगळी वागणूक चालते, असं त्यात म्हटलंय. उद्या गेमला अभिव्यक्तीच्या खणात ठेवलंत तर पाठोपाठ सेन्सॉर बोर्डही येईल. मागताय ते नीट विचार करून मागा.

---

पिंग_तीनशे
रविवार, दुपारी २:०२

ताई, हे शेवटचं डोक्यात आलंच नव्हतं. जेवण गेलं नाही.

---

बर्लिनवाली
रविवार, दुपारी ४:४५

मूळची कोल्हापूरची, नऊ वर्षं इथे आहे. शीर्षकातली मिशी आमच्याकडची दिसतेय, म्हणून लिहिते.

जर्मन दंडसंहितेचं ८६अ कलम नाझी चिन्हं दाखवायला मनाई करतं. इतिहास बघता ती मनाई इथे कुणाला खटकत नाही, मलाही नाही. कला, शिक्षण, संशोधन यांना सूट आहे, त्यामुळे सिनेमात स्वस्तिकाचा झेंडा सर्रास दिसतो. पण १९९८ मध्ये फ्रँकफर्टच्या एका न्यायालयाने गेमला ती सूट नाकारली आणि पुढची वीस वर्षं सगळा उद्योग त्या एका निकालाला घाबरून वागला.

२०१७ मध्ये वोल्फेनस्टाइन मालिकेतला एक गेम आला. त्यात तुम्ही नाझींशीच लढता. जर्मन आवृत्तीत हिटलरची मिशी काढून टाकली आणि त्याला म्हणायचं 'हेर हाइलर'. झेंड्यांवर भलतंच चिन्ह. नाझींना झाकायचा कायदा होता त्यांचा प्रचार थांबवायला, आणि झाकलं गेलं ते नाझींना खलनायक म्हणणाऱ्या गेममध्ये! माझा नवरा जर्मन आहे. तो म्हणाला, "आमच्या आजोबांनी तरी आणखी काय केलं? मिश्या काढल्या आणि नावं बदलली."

ऑगस्ट २०१८ मध्ये हे बदललं. आता गेमचं वर्गीकरण करणारी संस्था, यूएसके, प्रत्येक गेम स्वतंत्रपणे पाहते आणि संदर्भ योग्य असेल तर चिन्ह राहू देते. पहिला फायदा मिळाला तो बर्लिनच्याच एका छोट्या स्टुडिओला. त्यांच्या गेममध्ये तुम्ही १९३३ पासूनच्या बर्लिनमध्ये सामान्य माणसांचा एक विरोधी गट चालवता. पत्रकं वाटायची, पैसे जमवायचे, पकडलं जायचं. बंदूक जवळपास नाहीच. मी गेम खेळणाऱ्यांतली नाही, पण हा पुरा खेळले. तीनदा हरले.

---

मेलबर्नचा_मन्या
रविवार, दुपारी ५:३०

इथली कथा आणखी येडपट. ऑस्ट्रेलियात १ जानेवारी २०१३ पर्यंत गेमला 'फक्त प्रौढांसाठी' हा वर्गच नव्हता. सिनेमाला होता. गेमची सर्वात वरची पायरी १५+, त्यात बसला नाही की थेट विक्रीबंद. वर्ग वाढवायला सगळ्या राज्यांच्या ॲटर्नी जनरलचं एकमत लागायचं आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाचे मायकल ॲटकिन्सन वर्षानुवर्षं अडून बसले होते.

२००८ मध्ये फॉलआउट ३ अडकला. अणुयुद्धानंतरच्या उजाड जगाचा गेम. त्यात जखमी झाल्यावर मॉर्फिन टोचून घ्यायची सोय होती. इथल्या मंडळाला खऱ्या औषधाचं नाव खटकलं. कंपनीने नाव बदलून 'मेड-एक्स' केलं, पण फक्त ऑस्ट्रेलियासाठी नाही, साऱ्या जगासाठी. सिडनीतल्या मंडळाने भुवई उंचावली आणि सांगलीतल्या पोराच्या गेममधला शब्द बदलला. बरं, टोचायचं ते तसंच राहिलं. बदललं काय, तर बाटलीवरचं लेबल.

आणि प्रौढांचा वर्ग आल्यावर सुटलो म्हणता? २०२१ मध्ये डिस्को इलिझियमसारखा, जवळपास कादंबरीच म्हणावा असा गेम आधी नाकारला गेला, अपिलात दोनेक महिन्यांनी सुटला.

---

पिंग_तीनशे
रविवार, संध्याकाळी ६:१०

मन्या, त्याच फॉलआउट ३ चं भारतातलं प्रकरण ठाऊक आहे का? त्यात किरणोत्साराने दोन तोंडाच्या झालेल्या गायी आहेत आणि त्यांना नाव दिलंय 'ब्राह्मिन'. ऑक्टोबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण देऊन एक्सबॉक्सवरचा गेम भारतात आणायचाच नाही असं ठरवलं. सरकारने काहीही म्हटलं नव्हतं. मोर्चा नाही, खटला नाही, काचा फुटल्या नाहीत. आपल्या भावना दुखावतील असा अंदाज अमेरिकेतल्या कंपनीने आपल्या वतीने बांधला आणि आपल्याला न विचारता दुखावून घेतल्या.

एकच गेम. तिकडे औषधाच्या नावावरून अडला, इकडे बहुधा गायीच्या नावावरून.

---

गावकुसाबाहेरचा
रविवार, संध्याकाळी ६:२२

त्या गायी दूध किती देतात ते सांगा. बाकी नंतर बघू.

---

वाद_नको_चहा_दे
रविवार, रात्री ८:००

काय हे. आपल्या देवांची विटंबना झाली तरी 'अभिव्यक्ती'? हिटमॅन २ मध्ये शिखांच्या सुवर्णमंदिरासारख्या जागी गोळीबार दाखवला होता, तेव्हा शीख समाजाने आवाज उठवला आणि कंपनीला बदल करावा लागला. बरोबरच केलं. आपण षंढ आहोत म्हणून आपल्यावर

*(पुढील मजकूर संपादित. वैयक्तिक आणि जातीवाचक टीका चालणार नाही. मुद्द्यावर या. — संपादक मंडळ)*

---

काळा_कोट
रविवार, रात्री ८:२५

वाह, सेन्सॉरशिपच्या धाग्यावर सेन्सॉर. (हलकं घ्या.) पण बघा, संपादकांनी निदान सांगितलं तरी की काढलं, आणि का काढलं. सोळाव्या नियमापेक्षा हे मंडळ बरं.

हिटमॅनचं उदाहरण मात्र माझ्या बाजूचं आहे. समाजाने निषेध केला, कंपनीने ऐकलं. निषेध हीसुद्धा अभिव्यक्तीच. त्यात पोलीस आणि गुप्त आदेश कुठे आला?

---

तिसरी_घंटा
रविवार, रात्री ९:५०

मी नाटकवाला, आयुष्यात कँडी क्रशपलीकडे गेलो नाही. पण तुमचा धागा वाचताना सारखे खाडिलकर आठवत होते.

'कीचकवध' १९०७ चं. गोष्ट महाभारतातली, सगळ्यांना पाठ. पण प्रेक्षागृहातल्या शेवटच्या रांगेलाही कळत होतं की कीचक म्हणजे कर्झन आणि द्रौपदी म्हणजे देश. भीमाने कीचकाला मारलं की टाळ्या कुणासाठी पडतात ते इंग्रजालाही कळलं, जरा उशिरा. १९१० मध्ये बंदी. हत्यार होतं १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा.

माझ्या भाच्याने मला 'डिव्होशन' या तैवानी गेमबद्दल सांगितलं तेव्हा मी उडालोच. फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेला भुताचा गेम. १९८० च्या दशकातलं तैपेईतलं घर, आजारी मुलगी, बुवाबाजीच्या नादी लागलेला बाप. आपल्याकडे सहज घडेल अशी गोष्ट. त्यात भिंतीवर चिकटवलेल्या एका ताईतावर जुन्या मुद्रालिपीत शी जिनपिंग यांना 'विनी द पू' म्हटलेलं कुणीतरी हुडकलं. चीनमध्ये ते कार्टूनमधलं अस्वल ही त्यांची टिंगल. स्टुडिओने माफी मागितली, आठवड्याभरात गेम स्टीम या ऑनलाइन दुकानातून उतरला, पुढे त्यांच्या चिनी भागीदार कंपनीचा परवाना गेला. डिसेंबर २०२० मध्ये दुसऱ्या एका ऑनलाइन दुकानाने विकणार म्हणून जाहीर केलं आणि काही तासांत माघार घेतली. इंग्रजाला तीन वर्षं लागली होती, इथे सहा दिवस.

म्हणून चिंचगुळताई, मिक्सरचा विनोद झकास, पण सगळे गेम कोंबडीचे नसतात. चीन सरकारला ते फार आधी कळलंय. कुणाला घाबरायचं हे हुकूमशहांना समीक्षकांच्या आधी कळतं.

आणि काळा कोट ताई, सेन्सॉर बोर्डाची भीती मला कमी वाटते. महाराष्ट्रात नाटकाला आजही परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, आणि मी त्या मंडळाला शिव्या देत म्हातारा झालो. पण कमलाकर सारंग 'सखाराम बाइंडर'साठी कोर्टात लढले आणि जिंकले, कारण कुठली वाक्यं कापायची त्याची यादी हातात होती. कात्री दिसत होती. तुमच्या गेममध्ये कात्री कुठाय, कुणाच्या हातात आहे, काहीच दिसत नाही.

---

काळा_कोट
रविवार, रात्री १०:३०

मान्य नाही, पण सुंदर लिहिलंत. दिसणारी कात्रीही कात्रीच, काका. शिवाय नाटक वर्षाला किती होतात आणि प्ले स्टोअरवर गेम किती? कुठलं मंडळ बघणार? बघितल्यासारखं करणार आणि ज्याची ओळख आहे त्याचा सुटणार. मला मंडळ नको. मला एवढंच हवंय की बंदीचा आदेश प्रसिद्ध करा. इंटरनेट बंद करण्याचे आदेश प्रसिद्ध करावे लागतील, असं अनुराधा भसीन खटल्यात २०२० मध्ये कोर्टाने सांगितलंच आहे. तेच इथेही लावा.

शेजारी बघा. नेपाळने एप्रिल २०१९ मध्ये पबजी बंद केला आणि आठवडाभरात त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, व्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा काढून. पाकिस्तानात जुलै २०२० मध्ये बंदी आली, त्याच महिन्यात इस्लामाबादच्या उच्च न्यायालयाने उठवायला सांगितलं. दोन्हीकडे लढायला जाहीर निर्णय होता.

२०११ च्या अमेरिकन निकालाबद्दल चार ओळी, कारण तो फार रंजक आहे. कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये कायदा केला: हिंसक गेम अल्पवयीनांना विकला तर हजार डॉलरपर्यंत दंड. सही कुणाची, तर आयुष्यभर पडद्यावर माणसं उडवलेल्या अर्नोल्ड श्वार्झनेगरची. सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ ने तो उडवला. न्या. स्कॅलियांनी ग्रिम बंधूंच्या परीकथा काढल्या: पोरं चेटकिणीला भट्टीत ढकलतात, सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींचे डोळे कबुतरं फोडतात. हे आपण मुलांना झोपताना सांगतो. विरोधात न्या. ब्रेयर यांचा सवालही बिनतोड होता: तेरा वर्षांच्या मुलाला नग्न बाईचं चित्र विकायला बंदी चालते, आणि त्याच बाईला बांधून छळण्याचा गेम विकायला नाही? खडू फळा सर, तुमच्या बाजूचं सर्वात चांगलं वकीलपत्र ते आहे. तो कायदा आणणारे लेलँड यी पुढे लाचखोरी आणि शस्त्रतस्करीच्या भानगडीत पकडले गेले आणि त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. कायद्याच्या गुणवत्तेशी याचा संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

---

देवराई
सोमवार, रात्री १२:४०

नेहमी वाचतो, पहिल्यांदाच लिहितोय. पुण्यात आम्ही चौघं मिळून गेम बनवतो.

आमच्या गेममध्ये एक मुलगी मामाच्या गावी जाते, भोरकडच्या डोंगरात. तिथे देवराई आहे. आत झाडाखाली शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे देव मानलेला दगड. गावातल्या एका म्हातारीच्या अंगात येतं आणि ती मुलीला कोडी घालते, ती सोडवत पुढे जायचं. तांदळा मी स्वतः काढला होता. तीन दगडांचे फोटो घेऊन, शेंदराचे थर एकावर एक कसे बसतात, तेलाने कुठे काळपट होतं, सगळं. तीन आठवडे गेले.

बाहेर देशातला एक प्रकाशक मिळाला. करार चांगला होता. त्यांची एक यादी आली: धर्म, देवता, 'ताबा घेतलेली स्त्री', हे भारतात धोक्याचं ठरू शकतं, काढा. आम्ही म्हणालो, अहो हे आमच्याच गावचं आहे, कुणाला राग येणार? ते म्हणाले, तुमच्या देशात ॲप कधी आणि का काढतात ते आम्हाला कळत नाही, म्हणून जोखीम नको. वाद घालता येईना, कारण मलाही कळत नाही.

तांदळ्याच्या जागी आता निळा स्फटिक आहे. चमकतो. म्हातारीच्या अंगात येत नाही, ती नुसतीच डोळे मिटून बसते. खेळणाऱ्यांनी पाचपैकी साडेचार तारे दिलेत. एकाने लिहिलंय, 'जपानी वाटतो, छान आहे.'

सरकारने आम्हाला आजवर एक ओळही लिहिलेली नाही.

---

पिंग_तीनशे
सोमवार, सकाळी ८:१५

माझ्या अख्ख्या लेखापेक्षा तुमचा निळा स्फटिक भारी पडला.

---

चिंचगुळाची_आमटी
सोमवार, सकाळी ९:००

माझ्या माहेरी देवराई आहे. तांदळ्याचं वाचून कसंतरीच झालं. मिक्सर मागे घेते. कोंबडी मागे घेत नाही.

---

खडू_फळा
सोमवार, दुपारी ३:४०

मधल्या सुट्टीत वाचलं. माझं मत पुरतं बदललं असं म्हणणार नाही. रात्री तीनचा प्रश्न तसाच आहे आणि त्याला तुमच्यापैकी कुणी उत्तर दिलेलं नाही. चीनने २०२१ मध्ये मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीला रात्री आठ ते नऊ एवढीच मुभा ठेवली. दक्षिण कोरियाने सोळाच्या आतल्यांना मध्यरात्रीनंतर बंदी दहा वर्षं चालवली आणि शेवटी मोडीत काढली. पोरं आईबापांच्या ओळखपत्रांवर खेळत होतीच. म्हणजे तो प्रश्न आमच्यावरच येऊन पडतो, शाळेवर आणि घरावर. बरं.

देवराई, तुम्हाला एक विचारायचं होतं. ती आधीची आवृत्ती, तांदळा असलेली, कुठे आहे? आमच्या आठवीच्या मुलांना सहलीत देवराई दाखवली होती. त्यांना बघायला आवडेल.

---

देवराई
सोमवार, रात्री ११:०५

सर, हार्ड डिस्कवर आहे. जुनी बिल्ड आहे, तिसऱ्या टप्प्यात विहिरीपाशी कधीकधी अडकते, तेव्हा बंद करून परत चालू करावी लागेल. शाळेत काय आहे, फोन की संगणक?

---

खडू_फळा
मंगळवार, सकाळी ७:०५

एक लॅपटॉप, विंडोजचा. प्रोजेक्टर आहे, पण रंग जरा पिवळट दिसतो.

---

देवराई
मंगळवार, सकाळी ७:३०

शेंदूर आहे, पिवळट चालेल. व्यक्तिगत निरोपात लिंक पाठवतो. आवाज चालू ठेवा, म्हातारीचा आवाज माझ्या आजीचा आहे.